कुर्डुवाडीचं टोकन

१

जानेवारीत लखनौला सूर्य उगवतो, पण दिसतो अकराच्या पुढे, तोही त्याच्या मनात आलं तर. सगळी तेलीबाग वस्ती त्या थंडीला नावं ठेवायची. धनंजय खैरनार मात्र वर्षभर तिची वाट पाहायचा. कारण साधं होतं. उन्हाळ्यात वाफ दिसत नाही. चिमणीतून निघते आणि हवेत जिरते. इंजिन चालतंय की कोणी दोरीनं ओढतंय, कळत नाही. धुक्यात मात्र तीच वाफ पांढरी, जाड होऊन डब्यांवरून मागे लोळत जाते, आणि झेंडूच्या वाफ्याशेजारून जाणारी दीड हात लांबीची गाडी घटकाभर खरी वाटते.

बागेतले रूळ पितळेचे होते, मधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर. विजेचा काही संबंध नाही. इंजिनाचं नाव म्हातारी. तिचे लाड रोज ठरलेल्या क्रमानं व्हायचे. आधी सांध्यांना तेल. मग बॉयलरमध्ये इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं डिस्टिल्ड वॉटर, मग टाकीत गॅस, आणि चिमणीच्या तोंडाशी काडी. फट् करून जाळ आत जायचा. सात-आठ मिनिटांनी प्रेशरचा काटा चाळिसावर आला की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायचा आणि म्हातारी निघायला तयार व्हायची. गॅस पंचवीस मिनिटं पुरायचा. बँकेतून मुदतीआधीच रिटायर झाल्यापासून धनंजयचा दिवस याच पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत कापला जायचा, आणि विनीता म्हणायची की उरलेला दिवस माझा, तो कोणी विचारत नाही.

पण खरी रेल्वे एका बागेत मावणारी नव्हती. शेजारच्या बंगल्यात सुधीर काशीद राहायचा, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. दोन मराठी माणसं परमुलखात शेजारी आली की एक तर भांडतात, नाही तर मंडळ काढतात. या दोघांनी मधल्या भिंतीला बुडाशी भोक पाडलं. दीड वीट उंच, वर सिमेंटची कमान. धनंजय जामनेरकडचा, म्हणून अलीकडचं स्टेशन पाचोरा. सुधीर बार्शीकडचा, म्हणून पलीकडचं कुर्डुवाडी. नकाशात एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन स्टेशनं तेलीबागेत नऊ इंच भिंतीनं शेजारी झाली.

भिंत उंच होती, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नसत. बोलणं घंटेवर चाले. दोन्हीकडे खांबावर एक घंटा आणि सेलवर चालणारं एक बटण; इकडे दाबलं की तिकडे ठोका पडे. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाईन मोकळी आहे का, गाडी घेता का? समोरच्यानं तेच दोन ठोके परत दिले की परवानगी मिळाली. तीन म्हणजे गाडी निघाली, चार म्हणजे पोहोचली, आणि चारला उलट चार. शिवाय टोकन होतं, तळहातात मावणारी पितळी चकती. दोन स्टेशनांत मिळून एकच. ज्याच्या हातात टोकन, त्यानंच गाडी सोडायची. "नियम आहेत म्हणून ही रेल्वे," सुधीर म्हणायचा, "नाही तर आपण दोन म्हातारे खेळणी खेळतोय." आणि टोकन गाडीत टाकून पाठवायचं नाही, हातोहात द्यायचं, हाही त्याचाच हट्ट. गाडी भिंतीपाशी आली की एकानं भोकातून हात घालायचा, दुसऱ्यानं टोकन घ्यायचं.

कधी टोकन नको त्या टोकाला अडकायचं. म्हणजे गाडी कुर्डुवाडीला उभी आणि टोकन पाचोऱ्याला. अशा वेळी खऱ्या रेल्वेत माणूस ते घेऊन चालत जातो. इथे तो माणूस म्हणजे विनीता. भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक होतं. "विनू, हे टोकन तेवढं तिकडे दे," असं न बघता म्हणायचं, आणि ती जायची. जाताना सुधीरचा चहाही न्यायची. अकरा वर्षं.

मागच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी शेवटची गाडी पाचोऱ्याला पोहोचली. धनंजयनं टोकन घेतलं, चार ठोके दिले. पलीकडून उलट चार आले नाहीत. चहाला गेला असेल, असं म्हणून त्यानं म्हातारी पुसून ठेवली. पाऊण तासानं विनीता चहा घेऊन गेली तेव्हा सुधीर खुर्चीतच होता, बटणाशेजारी, मान छातीवर टाकलेली. त्याची बायको मधुमती महिन्याभरात मुलाकडे पुण्याला गेली. बंगल्याची किल्ली विनीताकडे ठेवली. धनंजयनं भोकावर प्लायची फळी लावली, वर दोन विटा टेकवल्या, आणि म्हातारी आपल्याच बागेत गोल फिरवू लागला.

आता तेही संपत आलं होतं. नाशिकला देविकाला, त्यांच्या मुलीला, सहावा महिना लागला होता. तिच्याकडे कायमचं राहायला जायचं म्हणून विनीतानं अठ्ठावीस जानेवारीचं चारबाग स्टेशनवरून रिझर्वेशन केलं होतं. याआधी दोनदा धनंजयनं तारीख पुढे ढकलली होती. या वेळी ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर मी एकटी जाईन आणि परत येणार नाही. विचार करा."

त्यानं विचार केला आणि तो घाबरला. विनीताशिवायचं घर त्यानं कधी कल्पनेतही पाहिलं नव्हतं. येतो म्हणाला. रूळ उचलायचे कबूल केलं. फक्त जायच्या दिवसापर्यंत रोज एकदा वाफ करतो, एवढं मागून घेतलं.

त्या करारानंतरची तिसरी दुपार. म्हातारी फेऱ्या मारून थांबली होती. धनंजय चाकांवरचं तेल पुसत होता, तेवढ्यात खांबावरची घंटा वाजली. एक ठोका.

२

"बंदर होंगे साहब," मोहन म्हणाला. मोहन गल्लीचा चौकीदार, पन्नाशीचा, कानटोपी मार्चपर्यंत न काढणारा. "पिछले हफ्ते मिसिरजी की टंकी का ढक्कन ले गए। घंटी बजाना कौन बड़ी बात है।"

धनंजयला हे पटलं. माकडांनी तेलीबागेत काय केलं नाही! किल्ली घेऊन तो मोहनबरोबर पुढच्या दारानं सुधीरच्या बंगल्यात गेला. बंद घरात असतो तो वास, सोफ्यावर चादरी, भिंतीवर सुधीरचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो. मागचं दार उघडून बागेत आले. गुडघाभर वाळकं गवत, पेरूची पानं, कुर्डुवाडीच्या पत्र्याच्या स्टेशनवर पक्ष्यांची घाण. खुर्ची भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती.

बटण जागेवर होतं. धनंजयनं खालचा डबा उघडला. बॅटरीचे सेल फुटून त्यांचा पांढरा भुगा झाला होता. भिंतीकडे जाणारी वायर खारींनी वीतभर खाऊन टाकली होती. दोन्ही टोकं हवेत.

"देखिए, तार ही कटा है," मोहन म्हणाला. "बजेगी कैसे?"

"वही तो," धनंजय म्हणाला.

म्हणजे घंटा वाजलीच नव्हती. कान वाजले. त्रेसष्टाव्या वर्षी कान वाजले तर त्यात काय विशेष? तो बऱ्यापैकी खूश होऊन वळला आणि रूळ ओलांडताना खाली बघितलं.

पितळेचा रूळ आठ दिवस वापरला नाही तर तपकिरी पडतो. महिन्यात काळपट होतो, मग सॅंडपेपर मारल्याशिवाय चमकत नाही. या रुळांवरून दहा महिने काही गेलं नव्हतं. बाजू काळ्या पडल्याही होत्या. पण वरची धार, जिच्यावरून चाक जातं तेवढीच, भिंतीपासून स्टेशनपर्यंत लख्ख पिवळी होती. त्यानं बोट फिरवलं. बोटाला ताजं तेल लागलं.

"क्या हुआ साहब?"

"काही नाही. चलो."

मोहनला सांगून उपयोग नव्हता. रूळ पाहून दचकणारा माणूस त्या गल्लीत एकच होता, आणि दुसरा होता तो गेला होता. घरी आल्यावर विनीतानं विचारलं तेव्हा त्यानं माकडांचं नाव सांगितलं. तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

३

दुसऱ्या दिवशी, म्हातारीची वाफ तयार होत असतानाच घंटा वाजली. एक. थोडं थांबून दोन.

अकरा वर्षांची सवय ही फार वाईट चीज आहे. धनंजयचा हात बटणावर गेला, त्यानं दोन ठोके परत दिले आणि मग त्याला कळलं की आपण काय केलं. आपण लाईन क्लिअर दिली. कोणाला?

"कोणाला घंटा देताय हो?" विनीतानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"बटण चालतंय का बघत होतो."

तो फळीसमोर उभा राहिला. काही आलं नाही. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की येणार नाही, येऊ शकत नाही. टोकन आपल्या स्वेटरच्या खिशात आहे. टोकनाशिवाय सुधीर गाडी सोडणार नाही. हा विचार मनात पुरा झाला आणि तो फळीपासून एक पाऊल मागे सरला, कारण त्यात त्यानं सुधीरचं नाव घेतलं होतं, तेही चालू काळात.

मग रोजचंच झालं. दुपारी साडेबारा ते दोनच्या मध्ये कधीतरी एक ठोका, मग दोन. धनंजय स्वतःशी वाद घालायचा. वायर तुटली आहे, पण कुठे तरी ओल असेल. ओलीतून करंट येत असेल. करंट कुठून, सेल तर मेले आहेत? मग मिसिरजींच्या घरातून गळत असेल. आणि गळणारा करंट नेमके आधी एक आणि मग दोन ठोके देतो, थांबतो, परवानगीची वाट बघतो, आणि मिळाली नाही की पाच मिनिटांनी परत विचारतो? बँकेत अठ्ठावीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकलेल्या माणसाला स्वतःची कारणं ऐकताना लाज वाटू लागली.

एका दुपारी न राहवून त्यानं विटा बाजूला केल्या, फळी काढली. म्हातारीला मालाची एकच उघडी वाघीण जोडली आणि वाघिणीत टोकन ठेवलं. हवंय ना, घे बाबा, सुटका कर. रेग्युलेटर अगदी मंद ठेवून त्यानं गाडी सोडली. म्हातारी फुसफुसत भोकात गेली, मागून वाघीण गेली, आणि पलीकडे पानांवर चाकं वाजल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

धनंजयनं मनात आकडे मोजले. साठ झाले, ऐंशी झाले. शंभराच्या आसपास परत फुसफुस ऐकू आली आणि म्हातारी उलट्या पावली बाहेर आली, वाघीण पुढे, इंजिन मागे. रिव्हर्सची दांडी मागे ओढलेली होती. टोकन वाघिणीत तसंच होतं, जिथे ठेवलं तिथे.

दांडी धक्क्यानं सरकली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण त्या दांडीला खाचा होत्या. धक्क्यानं ती फार तर मधल्या खाचेत आली असती आणि गाडी थांबली असती. मागच्या खाचेत ती बोटानंच ओढावी लागते. आणि मग त्याला उमजलं, इतकं स्वच्छ उमजलं की त्याला हसू आलं: हातोहात! टोकन गाडीत टाकून पाठवायचं नाही. मेला तरी नियम सोडत नाही लेकाचा. त्या क्षणी धनंजयला भीती वाटली नाही, आनंद झाला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी चूक दाखवली होती.

वर बघितलं तर खिडकीत विनीता उभी. ओल्या हातानं पदर धरलेला. तिनं सगळं पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली आणि स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"अहो, भाऊजी गेले," ती म्हणाली. "मी पाहिलंय त्यांना. तुम्ही नंतर आलात. आधी मी पाहिलं. हाताला हात लावून पाहिला मी, गार होता."

"मला माहीत आहे ग."

"मग त्या घंटेला उत्तर देऊ नका. मला कळत नाही ते काय आहे. बंदर असो, करंट असो, काही असो. आता पाचच दिवस राहिलेत! माझ्याबरोबर गाडीत बसा, पूर्ण बसा. अर्धे इथे ठेवून येऊ नका."

तिचा आवाज फाटला. पस्तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यासमोर तीनदा रडली असेल, ही चौथी वेळ. धनंजयनं तिचा हात धरायला हवा होता, पण त्याचे हात जेवणानं भरले होते. देविकाची शपथ घेतो, म्हणाला. पुन्हा बटण दाबणार नाही. जेवण झाल्यावर त्यानं घंटेत फडक्याचा बोळा कोंबला आणि फळी परत लावली.

४

सत्तावीस तारखेला धुकं दुपारीही हललं नाही. सामान आदल्या दिवशी ट्रकनं गेलं होतं. घरात दोन गाद्या, एक शेगडी आणि आवाज घुमणाऱ्या खोल्या. संध्याकाळी मोहन येऊन रूळ उपटायला मदत करणार होता. भोकातले रूळही उपटायचे म्हणून धनंजयनं फळी सकाळीच बाजूला केली होती. शेवटची वाफ करायला तो तीन वाजता बसला.

बोळा कोंबलेली घंटा वाजत नाही, नुसती धडकते. धप्. मग धप् धप्. त्यानं मान वर केली नाही. पाणी भरलं, गॅस भरला, काडी लावली. धप्. धप् धप्. शपथ घेतलेला माणूस होता तो, दात आवळून काट्याकडे बघत राहिला. काटा वीस, पंचवीस. आज म्हातारी काहीतरी जास्तच तापत होती.

विनीता मागच्या दारातून आली, अंगावर मरून शाल.

"मी तिकडे खिडक्या लावून येते, सकाळी हवेला उघडल्यात. मग किल्ली मोहनकडे देऊन टाकते."

"अच्छा."

काटा पस्तिसावर होता. गॅसची चावी जरा अडकल्यासारखी वाटत होती. धनंजय दोन्ही हातांनी इंजिनावर वाकला होता, आणि वाकल्या वाकल्या, न बघता, त्याच्या तोंडून गेलं:

"विनू, हे टोकन तेवढं तिकडे दे."

पुढे त्यानं स्वतःला हजारदा सांगितलं की ते तोंडातून गेलं, सवयीनं गेलं, मनात काही नव्हतं. हजारातल्या कितीदा ते त्याला स्वतःला पटलं, हे त्यालाच माहीत.

विनीता थांबली. "आता कशाला?"

"त्याचंच आहे ते. राहू दे त्याच्याकडे."

कठड्यावर टोकन होतं. ती ते बघत उभी राहिली. धनंजय तिच्याकडे बघत नव्हता, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते त्याला कधी कळलं नाही. आवाज तेवढा ऐकला.

"बरं," ती म्हणाली. "देऊन टाकते. म्हणजे संपलं एकदाचं."

फाटकाची कडी वाजली. पलीकडे वाळक्या पानांवर तिच्या चपला. चार पावलं, सहा पावलं. मग थांबल्या.

धप्. आणि लगेच, न थांबता, धप् धप्.

विनीतानं अकरा वर्षांत एकदाही ते बटण दाबलं नव्हतं. तरी धनंजयला वाटलं की तीच आहे, जाता जाता आपली थट्टा करतेय, कारण दुसरं काही वाटून घ्यायची त्याची तयारी नव्हती. विनीताला उत्तर दिलं तर शपथ मोडत नाही. त्यानं हात लांब करून दोन ठोके दिले.

धप् धप् धप्. गाडी निघाली.

त्याच वेळी म्हातारीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. पांढऱ्या वाफेचा लोट त्याच्या चष्म्यावर आला, चावी फिरेना, काटा चाळिसाच्या पुढे सरकला. तो चिमट्यानं चावी धरायच्या खटपटीत असताना भिंतीच्या भोकातून एक हात बाहेर आला. कोपराच्या खालपर्यंत. मरून शालीचं टोक, दोन हिरव्या बांगड्यांमध्ये एक सोन्याची. तो हात कोणाचा हे ओळखायला धनंजयला बांगड्यांची गरज नव्हती; पस्तीस वर्षं त्या हातानं त्याला वाढलं होतं. हातात टोकन होतं, त्याच्याकडे पुढे केलेलं.

"हे काय!" तो वैतागून म्हणाला. "तिकडे दे म्हटलं ना?"

आणि टोकन घेतलं. भिंतीपाशी टोकन आलं की घ्यायचं असतं.

मग तो परत म्हातारीकडे वळला. शेवटी चावी फिरली, जाळ विझला, काटा उतरू लागला. धप्, धप्, धप्, धप्, घंटेनं चार ठोके दिले. धनंजयनं चष्मा पुसत पुसत उलट चार दिले. सगळं नियमाप्रमाणे झालं.

त्यानंतर किती वेळ गेला? मिनिटभर असेल. बागेत फार शांतता होती. पलीकडे खिडक्या लागल्याचा आवाज येत नव्हता, पानं वाजत नव्हती.

"विनू?"

भोकाशी अजून बसली असेल, गुडघे धरले असतील, उठता येत नसेल. तो खडीवर आडवा झाला, गाल रुळाला लावला आणि भोकातून पाहिलं. नऊ इंचांची भिंत. पलीकडे गवत दिसायला हवं होतं, धुक्याचा उजेड दिसायला हवा होता.

अंधार होता. भोक नऊ इंचांवर संपत नव्हतं, लांबच लांब गेलं होतं, आणि आतून कोळशाचा धूर येत होता. त्याच्या किंवा सुधीरच्या इंजिनात कोळसा कधीच जळला नव्हता. खूप दूर एक पिवळा दिवा होता, कोणीतरी हातात धरलेला, कारण तो किंचित हलत होता. आणि दिव्याच्या अलीकडे एक मरून ठिपका. पाठ होती ती. चहा सांडू नये म्हणून जपून चालावं तशी चालत होती, आणि लहान होत होती.

त्यानं हाक मारली. आवाज आत गेला आणि कुठेच आपटला नाही.

फाटक उघडून तो पलीकडे धावला. वाळकं गवत होतं, पेरूची पानं होती. बंगल्याच्या मागच्या दाराला कुलूप तसंच होतं, वरच्या दोन खिडक्या उघड्या. भिंतीचं भोक या बाजूनं पाहिलं तर त्यातून म्हातारीची चाकं दिसत होती, हातभर अंतरावर. बंगल्याच्या पुढच्या गेटशी मोहन पालापाचोळा पेटवून हात शेकत बसला होता, दुपारपासून तिथेच.

"नहीं साहब," तो उठत म्हणाला. "आंटीजी तो इधर आई ही नहीं।"

५

देविका दुसऱ्या दिवशी विमानानं आली, तसल्या अवस्थेत. पोलिसांनी दोन्ही घरं पाहिली, टाक्या पाहिल्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यातलं सगळं पाहिलं. गल्लीतून कोणी बाहेर गेलं नव्हतं. इन्स्पेक्टर सभ्य होता. त्यानं धनंजयला तेच प्रश्न चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले आणि चारही वेळा वहीत थोडंच लिहिलं.

धनंजय टोकन मुठीत घेऊन फिरत होता. फाटकातून ते पलीकडे नेऊन झालं होतं, दिवसातून वीसदा. भोकात कोपरापर्यंत हात घालून झालं होतं. पलीकडे हात निघायचा तो गारठ्यात, रिकाम्या बागेत, आणि टोकन घ्यायला कोणी नसायचं. बोळा काढलेली घंटा गप्प होती. तो एक ठोका द्यायचा, दोन द्यायचा. लाईन मोकळी आहे, पाहिजे ते पाठवा, कोणालाही पाठवा. उत्तर नाही. शेवटची गाडी पोहोचली, असं त्यानंच कळवलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी देविकानं त्याला खांद्याला धरून आत आणलं आणि गादीवर बसवलं. तिचे डोळे सुजले होते. लखनौत वाढलेली पोर, रडू आलं की हिंदीतच बोलायची.

"पापा, एक बार ठीक से बताइए। आई को लास्ट आपने कहाँ देखा?"

"भिंतीपाशी."

"कुछ कहा उन्होंने? कुछ माँगा?"

"नाही," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरलाही त्यानं हेच सांगितलं होतं. टोकनाचं सांगितलं, वाफेचं सांगितलं, हात आल्याचंही सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नव्हती, आणि ती तो देविकाला सांगणार नव्हता, जन्मात कोणाला सांगणार नव्हता. टोकन दिल्यावर तो हात मागे गेला नव्हता. तिथेच राहिला होता, तळवा वर, बोटं उघडी. धरायला काहीतरी चाचपडत होता. धनंजयनं तो डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला, आणि काट्यावरची नजर न काढता, दुपारचा चहाचा रिकामा कप कठड्यावरून उचलून त्या हातात दिला.